गावच्या टूर्नामेंटला बॉल कोणता? हलका टेनिस, हेवी, सिंथेटिक की लेदर

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला की आमच्याकडे विदर्भात क्रिकेट टूर्नामेंटच्या बैठका सुरू होतात. प्रवेश फी किती, पहिलं बक्षीस 21,001 ठेवायचं की 31,001, मंडप कोणाचा, माइकवर कोण बसणार, यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. बॉलचा विषय निघतो तो सगळे उठून चपला शोधायला लागल्यावर. "नेहमीचाच आणा ना भाऊ," एवढ्यावर तो मिटतो. नेहमीचा म्हणजे कोणता, हे मग तालुक्याचा दुकानदार ठरवतो. त्या दिवशी त्याच्याकडे जो माल पडला असेल तो नेहमीचा.

पहिल्या मॅचच्या तिसऱ्या ओव्हरला कोणीतरी बॉल दाबून बघतो आणि म्हणतो, "फुसका आहे बे हा." तिथून भांडण. ज्याच्या गळ्यात यंदा बॉल आणायचं काम पडलंय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. बॉल घ्यायचा तो मैदान बघून. मग खेळणारे बघायचे, मग पैसे. पाकिटावरचं नाव सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं चालतं. टीव्हीवर जे दिसतं ते हवं असतं. पण टीव्हीवरच्या क्रिकेटमध्येसुद्धा एकच बॉल सगळीकडे चालत नाही. भारतातल्या कसोटीला मेरठच्या एसजी कंपनीचा, इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये ड्यूक्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत कूकाबुरा. तिथले बोलर इकडे आले की पहिले दोन दिवस बॉल हातात बसवण्यातच जातात. मग आपण झेडपी शाळेच्या मुरमावर काय चालेल याचा विचार न करता बॉल कसा आणतो, हे मला कळत नाही.

बॉल निवडण्याची सगळ्यात काटेकोर पद्धत गोल्फवाल्यांकडे आहे. त्यांच्या बॉलचं वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. या चौकटीत राहूनही बाजारात इतके प्रकार आहेत की खेळणारे त्याचं रीतसर फिटिंग करवून घेतात. तोच माणूस, तीच स्टिक, तीच जागा, आणि एकामागून एक वेगवेगळे बॉल. जाणकार फिटर सुरुवात लांबच्या फटक्यापासून करत नाहीत, तर होलजवळच्या छोट्या फटक्यांपासून करतात. जोर लावून मारल्यावर बॉलाबॉलातला फरक त्या मानाने कमी दिसतो, हळू मारल्यावर जास्त. आणि एकदा बॉल ठरला की तोच खेळायचा, दर वेळी नवा नाही. ही पद्धत क्रिकेटला जशीच्या तशी लागू पडते, आणि तिला खर्च काही नाही. ती कशी करायची ते पुढे येईलच. आधी मैदान.

मैदानावर सगळं ठरतं

विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच काळी माती दिसते. पण दर्यापूर, अकोट भागातल्या पूर्णा खोऱ्यातलं मैदान वेगळं आणि भंडारा, गोंदियाकडचं वेगळं. पूर्णेकडच्या भारी जमिनीला हिवाळा सरता सरता भेगा पडायला लागतात. मैदान कितीही लोळवा, भेगेच्या काठावर टप्पा पडला की बॉल कुठे जाईल याचा नेम नाही. एक छातीवर येतो, पुढचा घोट्याखालून जातो. इथे कडक बॉल आणणं म्हणजे दवाखान्याची तयारी.

यवतमाळ, वर्ध्याकडे बऱ्याच गावांत मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून पिच करतात. त्यावर उसळी बरी आणि एकसारखी मिळते, पण मुरूम हा बॉलचा वैरी. टेनिस बॉलची लव खरवडून काढतो, लेदरचं कातडं पाच-सहा ओव्हरमध्ये पांढुरकं करतो.

धानाच्या पट्ट्यात धान कापून झाल्यावर बांधीतच मैदान होतं. जमीन टणक असते आणि धसकटं राहिलेली असतात. पिचपुरती जागा साफ करतात, पण बाकी मैदानात बॉल धसकटाला लागून अडतो, दिशा बदलतो. शिवाय बांधीला बांध असतात, त्यामुळे बाउंड्री आपोआप ठरते आणि ती बहुतेक वेळा जवळची असते. जड बॉल इथे सारखा बांधापलीकडे जातो आणि अर्धा वेळ शोधण्यात जातो.

चौथा प्रकार सिमेंटच्या पट्टीचा. आमदार निधीतून नाहीतर ग्रामपंचायतीच्या पैशातून झालेली, वर काथ्याची मॅट ताणलेली. लेदरचा विचार करायचा असेल तर तो इथेच. बाकी ठिकाणी हौस म्हणूनसुद्धा नको.

हलका टेनिस

हा मुळात कोर्टवरचा बॉल. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमात त्याचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम ठरलेलं आहे, आणि 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. आत दाबाने हवा भरलेली असते. डबा उघडला की ती हवा थोडी थोडी कमी व्हायला लागते, खेळा किंवा ठेवा. म्हणून मागच्या वर्षीचे उरलेले बॉल ट्रंकेतून काढून यंदा वापरायचे, हा हिशोब हलक्या बॉलला लागू होत नाही.

आपल्याकडे त्याला आणखी एक शत्रू आहे. सराटे. मैदानाच्या कडेला, पांदणीत, शाळेच्या कुंपणाशी सराट्याचा वेल पसरलेला असतो. काटा रबरात शिरला की बॉल एकदम फुटत नाही. बाहेरून नवाकोरा दिसतो, दोन ओव्हरनंतर टप्पा मरतो आणि बॅट्समन पिचला शिव्या देतो. शंका आली तर बादलीत बुडवून दाबा, बुडबुडे सांगतील.

गल्लीत, अंगणात, पाचवी-सहावीच्या मुलांना हाच बॉल बरा. तावदान फुटत नाही, बोट सुजत नाही. टूर्नामेंटला मात्र तो कामाचा नाही. फेब्रुवारी-मार्चात दुपारी वारा सुटला की उंच मारलेला बॉल मागे येतो, बोलरचा वेग टप्पा पडल्यावर संपतो आणि पूर्ण ताकदीने मारलेला फटकासुद्धा सीमेआधीच मरतो. ज्यांचा खेळच फटक्यांवर आहे त्या पोट्ट्यांना ते सहन होत नाही.

हेवी, म्हणजे हार्ड टेनिस

गावच्या क्रिकेटचा खरा बॉल हा. दिसायला टेनिसचाच, पण रबर जाड आणि वजन हलक्याच्या जवळपास दुप्पट. कॉस्को, निविया, विकी ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. नुसतं कंपनीचं नाव सांगून मुलाला दुकानात पाठवू नका, कारण हलका आणि हेवी दोन्ही तिथेच शेजारी टांगलेले असतात. आणि तालुक्याच्या बाजारात नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं पाकीटही मिळतं. रंग तोच, अक्षरांचं वळण तेच. पाकीट हातात घेऊन शांतपणे वाचा.

लेदरच्या बॉलला नियमाचं वजन आहे, कोर्टच्या टेनिस बॉललाही आहे. गावोगावी खेळल्या जाणाऱ्या हेवीला असा सगळ्यांना बांधणारा नियम नाही. प्रत्येक कंपनीचं आपलं माप. त्यातही एकाच डब्यातले बॉल एकसारखे असतील याची खात्री नाही, आणि खेळणाऱ्याला त्याचाच त्रास होतो. एका इनिंगला जड बॉल मिळाला, दुसऱ्या इनिंगला हलका, तर टॉसपेक्षा डब्यानेच मॅच ठरवली म्हणायची. उपाय साधा आहे. किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, सोनाराचा मिळाला तर उत्तम. डब्यातला प्रत्येक बॉल ठेवायचा, वजन मार्करने बॉलवरच बारीक लिहायचं आणि जे एकमेकांच्या जवळचे आहेत तेवढेच मॅचला ठेवायचे. उरलेले नेटला.

हेवीचा गुण असा की तो आपल्या मैदानांना सांभाळून घेतो. लेदरइतका जीवघेणा नाही, हलक्याइतका वाऱ्यावर उडत नाही. मुरमावर नवा असताना टप्पा उंच, लव गेली की घसरून खाली राहतो. चांगला बोलर हे ओळखून असतो. पहिल्या दोन ओव्हर आखूड टाकेल, शेवटच्या दोन यॉर्कर. स्पिनरला नवा बॉल बरा, कारण लव जमिनीला धरते. गुळगुळीत झालेला बॉल वळत नाही, नुसता सरकतो.

दोष टिकाऊपणात आहे, पण तो बॉलपेक्षा मैदानाचा. म्हणून किंमत बॉलवर मोजू नका, ओव्हरवर मोजा. समजा एक बॉल 60 रुपयांचा आहे आणि तुमच्या मुरमावर वीस ओव्हरनंतर टकला होतो. दुसरा 90 चा, पण चाळीस ओव्हर लव धरून राहतो. पहिला ओव्हरला तीन रुपये पडला, दुसरा सव्वादोन. डझनाचा भाव ऐकून स्वस्त वाटलेला माल असा महाग पडतो. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या मैदानावर बॉल किती ओव्हर टिकतो ते तुम्हालाच पाहावं लागेल, दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका.

हेवीला लागणारी बॅटही वेगळी. टेनिसवाली बॅट हलकी असते, फळी मागून कोरलेली. तिने लेदर मारायला गेलात तर कडा जाते, कधी पायथा चिरतो. आणि लेदरची महागडी बॅट हेवीला वापरली तर ती फुटणार नाही, पण वजनाने हात उशिरा येतो. बॉल बदलला की किट बदलतं, हा खर्च बैठकीत कोणी धरत नाही.

हेवीवर खेळणं म्हणजे दुय्यम क्रिकेट, असं म्हणणारे अजून आहेत. 2024 च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, टेनिस बॉलवर, दहा-दहा ओव्हरची, टीव्हीवर दाखवलेली. तेव्हापासून हे बोलणं आमच्याकडे जरा कमी झालं.

सिंथेटिक आणि कॉर्क

यावर फार लिहायची गरज नाही. लेदर महाग म्हणून लोक हा घेतात. दिसतो लाल, शिलाईची नक्षी वरवरची, आत कॉर्कचा नाहीतर रबराचा लगदा घट्ट दाबलेला. वजन लेदरच्या जवळ जाणारं, उसळी त्याहून जास्त, आणि कडकपणा शेवटच्या ओव्हरपर्यंत तसाच. लेदर खेळता खेळता मऊ पडतो, हा पडत नाही. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट लेदरइतकंच लागतं, पण "साधाच बॉल आहे" म्हणून कोणी घालत नाही. स्विंग शिकायचा तर शिवण खरी नाही. नेटमध्ये भिंतीवर मारायला, कॅचिंगला, एवढाच उपयोग. आमच्या भागात दात पडल्याचे जे किस्से सांगितले जातात त्यातले बरेच याच बॉलचे.

लेदर

नियमाने पुरुषांच्या बॉलचं वजन 155.9 ते 163 ग्रॅम, घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. आत कॉर्कचा गाभा, त्यावर लोकरीच्या दोऱ्याचे वेटोळे, वर कातडं आणि शिलाईच्या सहा रांगा. दुकानात टू पीस आणि फोर पीस असे दोन प्रकार दाखवतात. टू पीसमध्ये कातड्याच्या दोन वाट्या जोडलेल्या असतात, फोर पीसमध्ये चार फाकी. फोर पीस महाग, आकार जास्त धरून ठेवतो. सरावाला टू पीस पुरतो. मॅचला टू पीस आणला आणि तो अंड्यासारखा झाला, तर तक्रार करू नका.

मुलींची टीम असेल तर एक चूक सर्रास होते. मुलांसाठी आणलेल्या डब्यातलाच बॉल त्यांना देतात. महिलांचा बॉल वेगळा आहे, 140 ते 151 ग्रॅम, घेरही लहान. तेरा वर्षांखालच्यांचा त्याहून हलका, 133 ते 144 ग्रॅम. बोटं बॉलच्या शिवणीवर नीट बसत नसतील तर मुलगी लाइन कशी धरणार? दुकानात नसेल तर मागवून घ्या, मिळतो.

लाल की पांढरा? रंगीत कपडे शिवले म्हणून पांढरा मागणारे बरेच. पांढऱ्या बॉलच्या अंगावर रंगाचा थर असतो, आणि तो किती टिकतो याचा अंदाज यावरून घ्या की एकदिवसीय सामन्यांत 2011 मध्ये दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा बॉल वापरायचा नियम आला. हिरव्यागार मैदानावर ही गत. आपल्या मुरमावर पांढरा बॉल चहाच्या रंगाचा व्हायला चार ओव्हर लागत नाहीत. दिवसा खेळताय तर लाल घ्या.

लेदर कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे मॅट आहे, दोघांपुरतं तरी पूर्ण किट आहे, आणि ज्यांच्या पोरांना तालुक्याबाहेर खेळायचंय. जिल्ह्याच्या निवड चाचण्या, विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे सामने, सगळं लेदरवर असतं. तिथे टेनिसवर वाढलेल्या पोराचा वेग दिसतो, पण टप्पा चुकतो. हेवीला छातीवर चढवायला बॉल आखूड आपटावा लागतो. लेदर तोच टप्पा दिला की डोक्यावरून जातो. उमेश यादवचं नाव आमच्याकडे याच वेळी हमखास निघतं. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला, लेदर हातात आला तो बऱ्याच उशिरा. 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी, 2011 मध्ये कसोटी. कसोटी खेळलेला विदर्भाचा तो पहिला खेळाडू. हे उदाहरण देऊन लोक म्हणतात, बघा, लेदरची घाई नाही. मला त्यातून दुसरंच दिसतं. त्याच्याइतका वेग दर गावात जन्माला येत नाही. बाकीच्यांना चौदा-पंधराव्या वर्षी लेदर मिळालाच पाहिजे, आठवड्यातून एकदा का होईना.

टूर्नामेंट मात्र लेदरवर भरवायची असेल तर हिशोब निराळा. येणाऱ्या सगळ्या टीमकडे किट आहे का? नसेल तर एकाच टीमचे पॅड दोन्ही बाजूंनी फिरतात, हेल्मेट एक, तेही घामाने ओलं. अशात काही झालं तर आयोजक म्हणून तुमचं नाव आहे. मी याच्या सरळ विरोधात आहे, कोणी मला भित्रा म्हटलं तरी.

शेजारीशेजारी लावून पारख

आता ती गोल्फवाली पद्धत. दोन-तीन जातीचे बॉल प्रत्येकी दोन-दोन आणा. मॅच ज्या मैदानावर, ज्या वेळेला होणार, त्याच मैदानावर, त्याच वेळेला. सकाळी दहाला तपासलेला बॉल दुपारी तीनला वेगळा वागतो, कारण उन्हाने रबर आणि आतली हवा दोन्ही तापतात आणि उसळी वाढते. एप्रिल-मेच्या टूर्नामेंटसाठी डिसेंबरात केलेली पारख कामाची नाही.

पहिलं, नावं झाका. कंपनीचा छाप काळ्या मार्करने घासून टाका आणि 1, 2, 3 असे आकडे घाला. कोणता आकडा कोणाचा हे एकालाच माहीत, आणि तो खेळणारा नसावा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्या लोकांचं मत बॉल हातात यायच्या आधीच तयार असतं. आकडे घातल्यावर गंमत बघा. ज्याला "दुसरा कोणताही बॉल म्हणजे कचरा" वाटतं, तो त्याच कचऱ्याला पसंती देतो.

मग उसळी. शाळेच्या भिंतीवर खडूने 254 सेंटिमीटरची रेघ ओढा, त्याखाली दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा. व्हरांड्याच्या फरशीवर बॉल सोडा, फेकायचा नाही, नुसता सोडायचा. समोर मोबाइल जमिनीपासून मीटरभर उंच ठेवून स्लो मोशनमध्ये शूट करा. हेवीसाठी ठरलेला आकडा नाही, म्हणून आकड्यापेक्षा एकाच जातीचे दोन बॉल एकमेकांशी जुळतात का ते बघा. मग तेच पिचवर करा. फरशी आणि पिच यांच्यात किती फरक पडतो ते कळलं की कोणत्या बॉलला तुमचं पिच जास्त खातं तेही कळतं. हा फरक जिथे कमी, तो बॉल तुमच्या मैदानाचा.

त्यानंतर बोलिंग, आणि इथे सुरुवात वेगवान बोलरपासून करू नका. स्पिनर घ्या, एकच, आणि बॉल आळीपाळीने द्या: एक, दोन, तीन, पुन्हा एक. एका बॉलच्या सहा आणि मग दुसऱ्याच्या सहा असं केलं तर बोलर बॉलला सरावतो आणि फरक बुजतो. कीपर आणि स्लिपवाल्याला वेगळं विचारा. एका संध्याकाळी अशी पारख चालू होती, शाळेच्या मागच्या मैदानावर. बॅट्समन तीन नंबरवर खूश, दोन छक्के हाणलेले. कीपर शिकाऊ पोरगा, नववी-दहावीतला, ग्लोव्हज काढून तळहात बघत होता. विचारलं तर म्हणाला, "काका, तीन नंबरवाला हातात थांबतच नाई, उडून जाते. दोन नंबर धरायले बरा." लाल झालेली बोटं दाखवली. तीन नंबर कडक होता आणि उसळीला बॉलागणिक बदलत होता, हे भिंतीवरच्या खुणांनीही सांगितलं. बॅट्समनच्या मतावर बॉल घेतला असता तर तोच घेतला गेला असता. बॅट्समनला नेहमी दूर जाणारा बॉल आवडतो, त्यात त्याचा दोष नाही.

शेवटी झीज. तिन्ही बॉल दहा-दहा ओव्हर खेळवा, मुरमावरच, आणि पुन्हा भिंतीशी आणा. नवे असताना सगळेच चांगले असतात. दहा ओव्हरनंतर कोणाची लव शिल्लक आहे, कोण एका बाजूने टकला झालाय, कोणाची उसळी अजून तेवढीच आहे, हे बघून ठरवा. मॅच जिंकतात-हरतात ते शेवटच्या दोन ओव्हरमध्ये, आणि तेव्हा बॉल जुना असतो.

उजेड, धूळ आणि दव

रंगाकडे कोणी बघत नाही. काळ्या मातीवर मळलेला लाल बॉल संध्याकाळी पाचनंतर दिसत नाही. हिवाळ्यात सूर्य लवकर बुडतो, धूळ हवेत उभी राहते, आणि मिडविकेटला उभा असलेला पोरगा बॉल बघण्याऐवजी आवाज ऐकतो. पोपटी-पिवळा हेवी अशा वेळी बराच सुरक्षित. पण वाळलेल्या गवताच्या नाहीतर कुटाराच्या ढिगाच्या पार्श्वभूमीवर तोही हरवतो; साइट स्क्रीनच्या जागी, म्हणजे बोलरच्या पाठीमागे, एखादी गडद ताडपत्री बांधली तर काम होतं.

रात्रकालीन सामने असतील तर दव धरून चाला. डिसेंबर-जानेवारीत नऊनंतर मैदान ओलं होतं. टेनिसची लव पाणी पिते, बॉल जड होतो, बोलरच्या हातातून सुटतो. लेदर ओला झाला की फुगतो, शिवण मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी वाळून कडक होतो. रात्रीच्या मॅचला दर इनिंगला नवा बॉल आणि अंपायरच्या खिशात कोरडं फडकं, एवढं तरी ठेवा.

मग घ्यायचं काय

भेगाळलेली काळी माती आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं असतील तर हेवीतला त्यातल्या त्यात हलका. मुरमाचं लोळवलेलं पिच, मोठी माणसं, खुली टूर्नामेंट असेल तर पारखीत टिकलेला हेवी, पोपटी रंगाचा. धानाच्या बांधीत, जवळच्या बाउंड्रीला, हलका आणि हेवी यांच्या मधल्या वजनाचा मिळाला तर तो घ्या. नसेल तर हेवीच घ्या आणि थेट बांधापलीकडे बॉल मारणाऱ्याला बाद धरायचा गावठी नियम आधीच जाहीर करा. मॅट आणि किट असेल तर सरावाला टू पीस लेदर, आणि एखादी निवडक टीमची मॅच फोर पीसवर. सिंथेटिक मॅचला कधीच नाही.

ठरला की पत्रकावर स्पष्ट छापा: कोणत्या कंपनीचा, कोणत्या जातीचा, कोणत्या रंगाचा, किती ओव्हरला बदलणार, हरवला तर बदली बॉल कितपत जुना देणार. नुसतं "टेनिस बॉल सामने" लिहून चालत नाही, बाहेरगावच्या टीम त्याच बॉलवर सराव करून येतात. सगळा माल एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच लॉटचा घ्या, लागेल त्यापेक्षा निदान पाव पटीने जास्त. टूर्नामेंटच्या मध्येच बॉल संपले आणि दुसऱ्या दुकानातून आणले तर अर्ध्या टीम एका बॉलवर खेळल्या आणि अर्ध्या दुसऱ्यावर, असं होतं. वजन केलेले बॉल थंड खोलीत ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत नको. आणि मॅचच्या आधी डबा दोन्ही कॅप्टनसमोर उघडा, बॉल त्यांना निवडू द्या, उरलेले अंपायरकडे. आयोजक गावची टीम खेळत असेल तेव्हा तर हे न चुकता.